किल्ली मुदतीची असावी

आपल्या पुष्कळ पेढ्यांचा हिशेब आता क्लाउडवर, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकगृहांत, राहू लागला आहे. तेथील प्रवेशाची कायमची किल्ली नोकरास देऊन ठेवणे आम्हांस धोक्याचे वाटते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसची अशी किल्ली रद्द करीपर्यंत चालूच राहते. नोकर गेला वा किल्ली चोरीस गेली, तरी कुलूप उघडते.

यावर उपाय ‘रोल’ म्हणजे भूमिकेचा होय. भूमिकेस स्वतःची कायमची किल्ली नसते. ती कोणी धारण करावी व तिने कोणती कामे करावीत, हे मालक आधी ठरवितो. पात्र माणसाने मागणी करताच सेवा तात्पुरती किल्ली देते. तिची मुदत सामान्यतः १ तास असते. ती १५ मिनिटांपासून १२ तासांपर्यंत ठरविता येते. मुदत सरली की किल्ली निरुपयोगी होते.

मात्र मुदतीच्या आतही चोरास घात करता येतो. म्हणून हिशेब केवळ वाचणाऱ्या भूमिकेस तो पुसण्याचा अधिकार देऊ नये.

आमची सभासदबंधूंना विनंती आहे, की आपल्या पेढीच्या कायमच्या किल्ल्या किती व कोणाकोणाकडे आहेत, याची मोजदाद आधी करावी.