प्रेशर वॉशर : धार पाण्याची, जखम सुईच्या टोकाएवढी

जयंती जवळ आली की विहाराची फरशी, पायऱ्या आणि ध्वजस्तंभाचा कट्टा घासून काढायचे काम निघते. वर्षावास सुरू होण्याआधीही तेच. आजवर हे काम बादली, खराटा आणि महिला मंडळाची कंबर यांच्या भरवशावर होत आले. आता त्यासाठी हातात उचलून नेता येईल एवढे मशीन मिळते. त्याला कोणी प्रेशर वॉशर म्हणते, कोणी नुसते ‘प्रेशर मशीन’. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या रस्त्यावर मोटारसायकल धुणाऱ्या वॉशिंग सेंटरवर ते सगळ्यांनी पाहिले आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली, हळद शिजवण्याचे ड्रम, गोठा, अंगण, शेवाळलेली भिंत, सगळ्याला ते चालते. त्यामुळे घरात किंवा विहार समितीच्या बैठकीत ‘एक मशीन घेऊन टाकू’ हा विषय निघाला तर नवल नाही.

घ्यायला हरकत नाही. उकिडवे बसून तासभर फरशी घासल्याने गुडघे आणि पाठ धरते, तो त्रास वाचतो. पाणीही कमी लागते. घरगुती मशीन मिनिटाला साधारण सहा-सात लिटर पाणी फेकते, तर तोंड उघडे सोडलेल्या पाइपातून मिनिटाला पंधरा-वीस लिटर सहज वाहून जाते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा फरक मोठा आहे. (मशीन आले की ते चालवायला घरातले पुरुष पुढे येतात आणि बादली मात्र बाईकडेच राहते, हेही दिसते. मशीन बाईनेही शिकून घ्यावे, अवघड काही नाही.)

पण आरोग्याच्या पानावर या मशीनचा विषय घेण्याचे कारण वेगळे आहे. ते पाण्याचेच आहे म्हणून आपण त्याला भीत नाही. पोरे एकमेकांवर धार मारून खेळतात, चिखलाचे पाय त्याच धारेखाली धरतात. ही धार माणसाची कातडी फोडून आत जाते, हे फार थोड्यांना माहीत असते.

दाबाचा हिशेब सोपा आहे. पाण्याची टाकी दहा मीटर उंच असेल तर खालच्या नळाला सुमारे एक बार दाब मिळतो. चारचाकीच्या टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार असते. घरगुती प्रेशर वॉशर शंभर बार आणि त्याहून अधिक दाब देते. टाकीच्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ एक किलोमीटर उंच टाकीखालचा नळ उघडल्यासारखे! आत विजेची मोटर असते. ती पंपाचे छोटे दट्ट्ये वेगाने मागेपुढे करते आणि साध्या नळाचे पाणी एका बारीक छिद्रातून बाहेर ढकलते. छिद्रातून निघताना त्या पाण्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरहून जास्त असतो. जर्मनीच्या कार्चर कंपनीने १९५० साली युरोपातले पहिले गरम पाण्याचे प्रेशर मशीन काढले, ते कारखान्यांसाठी होते. घरात वापरता येईल असे, उचलून नेण्याजोगे मशीन त्याच कंपनीने १९८४ साली बाजारात आणले. म्हणजे मूळ अवजार कारखान्यातले. घरात येताना ते हलके झाले, तरी धारेचा स्वभाव तोच राहिला.

आता जखमेकडे येऊ. अखंड कातडी फोडायला सुमारे सात बार दाब पुरतो, असे वैद्यकीय पुस्तके सांगतात. मशीनचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. दाबाने अंगात शिरलेल्या द्रवाची जखम डॉक्टरांना नवी नाही. १९३७ साली रीस नावाच्या डॉक्टरने डिझेल इंजिनातल्या तेलाने झालेल्या अशा जखमेची नोंद प्रसिद्ध केली होती. नोझल तुंबले म्हणून त्यावर बोट ठेवून पाहणे, पाइप कुठे गळतो ते हाताने चाचपणे, एका हातात वस्तू धरून दुसऱ्या हाताने तिच्यावर धार मारणे, असे करताना ही जखम होते. म्हणून उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या हाताची तर्जनी यात जास्त सापडते. चपला घालून किंवा अनवाणी काम करणाऱ्याचा पायही सापडू शकतो.

ही जखम दिसायला काहीच नसते. सुई टोचल्यासारखे एक छिद्र, रक्ताचा एखादा थेंब, कधी तोही नाही. सुरुवातीला दुखतेही कमी. माणूस बोट झटकतो आणि पुन्हा कामाला लागतो. आत मात्र पाणी कातडीखालून, स्नायूबंधाच्या आवरणातून वाट काढत तळहातापर्यंत गेलेले असते. त्याच्यासोबत माती, साबण, ग्रीस, शेणातले जंतू गेलेले असतात. बोटाच्या आत मोकळी जागा नसते. सूज आली की ती रक्तवाहिन्यांनाच दाबते. काही तासांत बोट टम्म फुगते, पांढुरके किंवा काळसर पडते, बधिर होते. नुसते स्वच्छ पाणी असेल तर धोका त्या मानाने कमी. तेल, रंग, रसायन असेल तर बोट कापावे लागण्यापर्यंत वेळ येते. अशा जखमेत पहिले सहा तास फार मोलाचे असतात.

म्हणून धार लागून छिद्र पडले, तर ते कितीही लहान असो, त्याच वेळी दवाखान्यात निघावे. अंगठी, बांगड्या, हातातला धागा सूज येण्याआधी काढावा. वरून स्वच्छ पाण्याने हलके धुवावे, हात छातीच्या वर उचलून धरावा. दाबून पाणी काढायचा प्रयत्न करू नये, आवळून बांधू नये, शेकू नये. आपल्या जिल्ह्यात हळद घरोघरी आहे आणि जखमेवर ती दाबण्याची सवयही घरोघरी आहे. इथे हळद नको, चुना नको, तंबाखू तर नकोच. शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून दवाखान्यात पोहोचेपर्यंत खाणे टाळावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे, पण तेवढ्यावर घरी परतू नये. जिल्हा रुग्णालयात सर्जनला दाखवावे. तिथून पुढे पाठवले तर नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

अडचण अशी की छिद्र एवढे लहान असते की गर्दीच्या ओपीडीत ते ‘काहीतरी टोचले’ म्हणून सुटून जाऊ शकते. परदेशात दाबाच्या पाण्याचे काम करणारे कामगार यासाठी खिशात एक कार्ड बाळगतात, डॉक्टरांना दाखवायला. आपल्याकडे तसे कार्ड नसले तरी वहीच्या कागदावर चार ओळी लिहून पाकिटात ठेवायला काही खर्च नाही. वॉशिंग सेंटरवर काम करणाऱ्या पोरांनी तर नक्कीच ठेवाव्यात:

‘याला उच्च दाबाच्या पाण्याच्या मशीनची धार लागली आहे. दाब सुमारे ___ बार. पाण्यात साबण / तेल / औषध ___ होते. वेळ ___ वाजता. जखम लहान दिसली तरी द्रव आत शिरलेला असू शकतो. कृपया सर्जनना दाखवावे.’

मशीनचा दाब त्याच्या अंगावरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तो आधीच भरून ठेवावा.

अशी जखम टाळणे मात्र आपल्याच हातात आहे. गमबूट घालावेत, डोळ्यांवर चष्मा असावा. रबरी हातमोज्यांनी धार अडत नाही, त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. नोझल बदलताना किंवा साफ करताना आधी बटण बंद करावे, पाणी बंद करावे आणि मग बंदुकीचा खटका दाबून आत अडकलेला दाब सोडून द्यावा. बटण बंद केले तरी पाइपात दाब उरतो, आणि फसगत तिथेच होते. काही मशीनसोबत रंगीत नोझल येतात. त्यातले लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार. घरात त्याची गरज पडत नाही, ते वेगळे काढून ठेवावे. पांढऱ्या नोझलची धार पंख्यासारखी पसरते, फरशीला ती पुरते. बुद्धमूर्ती किंवा बाबासाहेबांचा पुतळा या धारेने धुऊ नये. रंग उडतो, प्लास्टर सुटते. त्याला ओले फडके बरे.

शेतकरी वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे प्रेशर मशीन नसले तरी फवारणीचा एचटीपी पंप असतो, आणि त्यानेच ट्रॅक्टर, गोठा, अंगण, कधी पिण्याच्या पाण्याची टाकीही धुतली जाते. त्याचा दाब वॉशरपेक्षा कमी असला तरी कातडी फोडायला पुरून उरतो. शिवाय त्याच्या टाकीत आणि पाइपात सोयाबीनवर मारलेल्या औषधाचा अंश असतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उजाड झाली, ते आपण पाहिले आहे. फवारणीच्या पंपाने पाण्याची टाकी, भांडी, जनावरांचा हौद धुऊ नये, पंप कितीही विसळला असला तरी.

विजेचे बोलायचे तर ओले अंगण, ओले पाय आणि हातात विजेचे यंत्र, यापेक्षा वाईट जुळणी नाही. असे मशीन दीड हजार वॅटच्या आसपास वीज घेते. म्हणजे मोठ्या पिनचे, पंधरा-सोळा अँपिअरचे सॉकेट हवे आणि अर्थिंग खरे हवे. पुष्कळ घरांत तिसरी वायर सॉकेटात असते, पण जमिनीपर्यंत पोहोचलेलीच नसते. वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. मीटरपाशी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर वीज गळताच तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. जोड दिलेली वायर, जमिनीवर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड, आकड्यावरची वीज, यातल्या कशावरही हे मशीन चालवू नये. कोणाला शॉक लागला तर आधी मेन स्विच पाडावा, मगच त्याला हात लावावा आणि १०८ ला फोन करावा.

जिथे हे मशीन मुळीच नेऊ नये अशी एक जागा म्हणजे सिमेंटच्या पत्र्याचे छप्पर. पावसाळ्यानंतर त्यावर काळे शेवाळ धरते आणि धार मारली की ते झटक्यात निघते, म्हणून मोह होतो. या जुन्या पत्र्यांत बहुधा अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा धड असेपर्यंत ते सिमेंटमध्ये बांधलेले असतात. जोराच्या धारेने वरचा थर उडतो, तंतू मोकळे होतात, अंगणात, कपड्यांवर, विहिरीच्या काठावर पडतात आणि वाळले की श्वासातून फुप्फुसात जातात. अॅस्बेस्टॉसने फुप्फुसाचा कर्करोग होतो, फुप्फुसाच्या आवरणाचाही होतो, आणि तो वीस-चाळीस वर्षांनी उमटतो. तोपर्यंत कोणाला छप्पर धुतल्याचे आठवणारही नाही. ऑस्ट्रेलियात अशी छपरे दाबाच्या पाण्याने धुण्यास कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे पत्रा सर्रास विकला जातो, बजावणारे कोणी नाही. शिवाय ओला जुना पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस थेट खाली येतो, ते वेगळेच.

गोठ्यात धार मारताना तोंडावर कापड आणि डोळ्यांवर चष्मा असावा. शेण-मुताचे बारीक तुषार हवेत उडतात. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस डोळ्यांतून किंवा पायाच्या भेगेतून शिरतो. गाय किंवा शेळी गाभडली असेल तर ती जागा धारेने धुऊच नये. ब्रुसेलोसिसचे जंतू तिथे असू शकतात आणि ते श्वासातूनही लागतात. जंतुनाशक ओतून काही वेळ ठेवावे, मग सावकाश पाणी सोडावे. संडास धुताना अॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र करू नये, क्लोरीन वायू निघतो. पेट्रोलवर चालणारे मशीन बंद खोलीत किंवा गोदामात लावू नये. अमेरिकेतील एका सरकारी संस्थेने १९९६ साली दिलेल्या इशाऱ्यात एका शेतकऱ्याची नोंद आहे. तो असे मशीन घेऊन आपले कोठार धूत होता आणि साधारण अर्ध्या तासात धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध पडून मेला. या वायूला वास नसतो.

शेवटचा मुद्दा आपल्या वस्तीतल्या तरुणांसाठी. ज्याच्याकडे प्रेशर मशीन आहे त्याला गावात लवकरच कोणीतरी विचारते, ‘सेप्टिक टँक साफ करून देतोस का? मशीन तर आहे तुझ्याकडे.’ हे मशीन त्या कामाचे नाही. त्याच्या धारेने तळाचा गाळ ढवळतो आणि अडकलेला हायड्रोजन सल्फाइड वायू एकदम सुटतो. तो जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास कळेनासा होतो आणि एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या एका शेतआखाड्यावर सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार असेच गेले. संरक्षणाच्या साधनांशिवाय कोणाला गटारात किंवा टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग उतरवणारा घरमालक असो, ठेकेदार असो की नगर परिषद. उतरणारा ‘मी राजीखुशीने उतरलो’ म्हणाला तरी तो गुन्हाच राहतो. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. टाकी भरली असेल तर नगर परिषदेकडे किंवा खाजगीकडे मैला ओढून घेणारी गाडी मागवावी. तिचा पाइप टाकीत जातो, माणूस वरच उभा राहतो.