मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाची निवड

मोतीबिंदूचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न निघतो तो ऑपरेशन कुठे करायचे हा, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : लेन्स कोणती टाकायची? दवाखान्यातून एक छापील तक्ता हातात दिला जातो. त्यात पाच-सहा भिंगांची नावे आणि प्रत्येकापुढे किंमत असते. वडिलांची नजर सर्वांत स्वस्त भिंगाकडे जाते, मुलांची सर्वांत महाग भिंगाकडे. आयुष्यभर आपल्यासाठी राबलेल्या आईवडिलांना स्वस्तातली वस्तू कशी घ्यायची, असे मुलांना वाटते. भावना चांगली आहे. पण तेवढ्यासाठी पतपेढीचे कर्ज काढणारी कुटुंबे आपल्या समाजात आहेत, आणि तक्ता पाहून घाबरून ऑपरेशनच पुढे ढकलणारी वृद्ध मंडळीही आहेत. या दोघांनाही आम्ही या लेखातून सांगू इच्छितो की, भिंगाची निवड किमतीच्या तक्त्यापासून सुरू करू नये. ती त्या माणसाच्या डोळ्यांना रोज कोणते काम करावे लागते येथून, आणि डोळ्याचा पडदा कसा आहे येथून सुरू करावी.

आधी थोडी माहिती घेऊ. डोळ्याच्या बाहुलीमागे निसर्गाने दिलेले एक पारदर्शक भिंग असते. वयाप्रमाणे ते गढूळ होते, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. मध, गुलाबपाणी, आयात केलेले थेंब, यांपैकी कशानेही तो विरघळत नाही. शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढून टाकतात आणि त्याचेच पातळ आवरण एखाद्या पिशवीसारखे शिल्लक ठेवून तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. नेत्रदानाशी या भिंगाचा संबंध नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. नेत्रदानातून बुबुळावरचा काचेसारखा भाग म्हणजे पारपटल मिळते आणि ते वेगळ्या रुग्णांना उपयोगी पडते. नेत्रदान अवश्य करावे, परंतु मोतीबिंदूचे भिंग कारखान्यातच तयार होते.

हे भिंग नव्हते तेव्हाची स्थिती जुन्या मंडळींना आठवत असेल. ऑपरेशननंतर दहा नंबरच्या आसपासचा जाड चष्मा लावावा लागे. वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत, बाजूचे दिसत नसे, जिन्याची पायरी चुकत असे. यातून सुटका झाली ती एका युद्धातील निरीक्षणामुळे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून त्यांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते. त्या काचा म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिक होते. हे कण वर्षानुवर्षे डोळ्यात राहूनही डोळा फारसा चिडत नाही, हे लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडले यांच्या ध्यानात आले. त्याच प्लास्टिकचे भिंग करून १९४९ साली सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ते प्रथम एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. त्यांच्याच क्षेत्रातील मोठमोठ्या लोकांनी त्यांना अनेक वर्षे विरोध केला. आज मात्र भिंग न बसवता मोतीबिंदू काढणे हा अपवाद झाला आहे.

रिडले यांनी वापरले ते प्लास्टिक, म्हणजे पीएमएमए, आजही वापरात आहे. हे भिंग कडक असते, त्याची घडी होत नाही, म्हणून त्यासाठी सुमारे सहा मिलिमीटरचा छेद लागतो. हा छेद तिरका बोगद्यासारखा घेतला तर तो आपोआप मिटतो आणि बहुतेक वेळा टाके लागत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे घडीचे, ज्याला दवाखान्यात फोल्डेबल म्हणतात ते भिंग. ते मऊ असते, अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून गुंडाळून आत सोडतात आणि आत गेल्यावर ते उलगडते. छेद लहान असल्याने डोळा लवकर सावरतो आणि ऑपरेशनमुळे येणारा आडवा-तिरपा नंबर कमी राहतो. लोक ज्याला ‘लेझरचे ऑपरेशन’ म्हणतात ते बहुधा फेको असते. त्यात मोतीबिंदू फोडण्याचे काम लेझर नव्हे, ध्वनिलहरी करतात. घडीच्या भिंगांत जलस्नेही आणि जलविरोधी अशा दोन जाती आहेत. जलविरोधी ॲक्रिलिकचे, चौकोनी कडेचे भिंग घेतल्यास मागची पिशवी पुढे गढूळ होण्याचे प्रमाण कमी राहते. पिशवी गढूळ झालीच तर याग लेझरने काही मिनिटांत ती मोकळी करता येते. त्याला ‘मोतीबिंदू पुन्हा आला’ म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पिवळसर रंगाचे भिंग पडद्याचे रक्षण करते असेही सांगितले जाते, पण ते सिद्ध झालेले नाही. तेवढ्यासाठी जादा पैसे देऊ नयेत, असे आमचे मत आहे.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. भिंग कोणत्याही कंपनीचे असो, त्याची शक्ती त्या डोळ्याला जुळली नाही तर ते व्यर्थ आहे. चपलेचा ब्रँड उत्तम, पण माप चुकले तर पाय सोलतोच, तसे हे आहे. भिंगाची शक्ती ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी आणि पारपटलाची वक्रता मोजतात. डोळ्याची लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटर असते आणि ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीचचा फरक पडतो. पूर्वी काही शिबिरांत मोजमाप न करता सर्वांना सरासरी शक्तीचे एकच भिंग बसवीत. ऑपरेशन उत्तम होऊनही माणूस धूसर पाहत राही आणि ‘नशीब’ म्हणून गप्प बसे. म्हणून शिबिर असो वा मोठे रुग्णालय, दोन्ही डोळ्यांचे मोजमाप झाले का, हे आधी विचारावे. मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर प्रकाशाच्या यंत्राने माप येत नाही, सोनोग्राफीच्या यंत्राने घ्यावे लागते. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबू नये याचे हेही एक कारण आहे.

त्यानंतर प्रश्न येतो तो भिंगाने कोणत्या अंतरावरचे दाखवायचे हा. तरुणपणीचे नैसर्गिक भिंग आपला आकार बदलून लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवते, साधे कृत्रिम भिंग तसे करू शकत नाही. त्याला एकच अंतर नेमून द्यावे लागते. म्हणून त्याला मोनोफोकल म्हणतात. सर्वसाधारणपणे लांबचे अंतर निवडतात आणि वाचण्यासाठी अडीच नंबरच्या आसपासचा चष्मा लागतो. शेतकरी, रिक्षाचालक, पहारेकरी, बाजारहाट करणारी आजी यांना हे उत्तम जमते. परंतु हे सर्वांना जमेलच असे नाही.

आपल्या विहारांतून वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. तेथे वाचन करणारे बोधाचार्य, घरी शिलाई करणारी भगिनी, घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर यांचे दिवसभराचे काम हाताच्या अंतरावर असते. त्यांतही जे लहानपणापासून उणे नंबरचे आहेत, त्यांना चष्मा काढून बारीक अक्षर वाचण्याची चाळीस-पन्नास वर्षांची सवय असते. अशा माणसाला न विचारता लांबचे भिंग बसवले तर त्याला रस्त्याच्या टोकाची पाटी स्वच्छ दिसते, पण हातातले पुस्तक दिसत नाही, आणि ऑपरेशन यशस्वी असूनही तो दुःखी होतो. त्याच साध्या भिंगाची शक्ती थोडी वाढवून चाळीस सेंटिमीटरचे अंतर निवडता येते. मग वाचायला चष्मा नको, लांबचे पाहायला लागेल. या सोयीसाठी एक पैसाही जास्त पडत नाही, फक्त ती ऑपरेशनपूर्वी मागावी लागते. काही डॉक्टर एका डोळ्यात लांबचे आणि दुसऱ्यात थोडे जवळचे असेही करतात. बऱ्याच जणांना ते मानवते, पण सर्वांना नाही. ऑपरेशनपूर्वी चष्म्याने किंवा कॉन्टॅक्ट लेन्सने तशी चाचणी करून पाहता येते.

चष्म्यात मोठा आडवा-तिरपा नंबर असणाऱ्यांसाठी टोरिक भिंग असते. त्याचा फायदा खरा आहे. मात्र ते नेमक्या अंशात बसावे लागते. तीस अंशांनी फिरले तर त्याचा फायदा जवळजवळ शून्य होतो. नंबर किरकोळ असेल तर त्याची गरज नाही.

तक्त्यातील सर्वांत महाग भिंग बहुधा मल्टिफोकल असते. ‘चष्मा कायमचा सुटेल’ असे त्याबद्दल सांगतात. हे भिंग डोळ्यात येणारा प्रकाश लांबच्या आणि जवळच्या प्रतिमांत वाटून देते. प्रकाश वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडा कमी येणारच. त्यामुळे रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि अंधुक उजेडात फिक्या रंगांतला फरक कमी कळतो. निरोगी डोळ्याच्या, चष्म्याचा मनापासून कंटाळा असलेल्या माणसाला हे मान्य असेल आणि ऐपत असेल तर त्याने जरूर घ्यावे. असे समाधानी लोकही पुष्कळ आहेत. परंतु रात्री गाडी चालवणाऱ्याने दोनदा विचार करावा. आणि ज्याचा पडदा मधुमेहाने खराब झाला आहे, ज्याला वाढलेला काचबिंदू आहे, त्याच्या डोळ्यात हे भिंग घालणे म्हणजे आधीच कमी झालेल्या दृष्टीतून आणखी वाटा काढणे होय. आपल्या वस्त्यांत मधुमेहाचे रुग्ण घरोघर आहेत. तेव्हा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी झाल्याशिवाय महाग भिंगाला होकार देऊ नये. मोतीबिंदू दाट असून पडदा दिसतच नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. पडदाच काम करीत नसेल तर जगातील कोणतेही भिंग तो भरून काढू शकत नाही, हे घरच्यांनी ऑपरेशनपूर्वीच समजून घ्यावे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल थेरांची कथा आहे. त्यात एक वैद्य येतो. एका स्त्रीचे डोळे तो बरे करतो, पण ठरलेला मोबदला चुकवण्यासाठी ती डोळे बिघडल्याचे सोंग करते, तेव्हा रागाने तो तिला दुसरे औषध देऊन आंधळे करतो. कथेतील पूर्वजन्माचा भाग आम्ही येथे बाजूला ठेवतो. मोतीबिंदू कुणाच्या पूर्वकर्माने होत नाही, तो प्रामुख्याने वयाने होतो. पण डोळा आणि पैसा यांच्यामध्ये अविश्वास शिरला की नुकसान डोळ्याचे होते, ही गोष्ट त्या जुन्या कथाकारांनी अचूक हेरली होती. रुग्णाने डॉक्टरांवर संशय घेऊ नये, पण प्रश्न जरूर विचारावेत. कालाम सुत्ताचा दाखला आपण नेहमी देतो, तो दवाखान्यातही लागू आहे. हेच भिंग का? माझ्या पडद्याची स्थिती काय आहे? यापेक्षा साधे भिंग घेतले तर मला नेमके काय कमी दिसेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

साधे भिंग म्हणजे हलके भिंग, ही समजूत तर काढूनच टाकावी. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून भारतात भिंगे तयार करण्यास सुरुवात केली. आयात भिंगे गरिबांच्या आवाक्याबाहेर असताना ती सुमारे दहा डॉलरमध्ये मिळू लागली, आणि आज ती परदेशांतही जातात. नेपाळमधील डॉ. संदुक रुईत यांनी १९९४ साली काठमांडूत तिलगंगा नेत्र केंद्र सुरू केले आणि तेथेही भिंगांचा कारखाना काढला. त्यांच्या सहभागाने काठमांडूजवळच्या पुल्लाहारी या बौद्ध मठातील नेत्र चिकित्सालयात १०८ रुग्णांवर एक तुलना झाली. काहींचे ऑपरेशन फेकोने, काहींचे लहान छेदाच्या हाताने करायच्या पद्धतीने केले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील ९८ टक्के रुग्णांना चष्म्यासह ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी होती. हाताची पद्धत मात्र कमी वेळाची आणि कमी खर्चाची ठरली.

आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली भिंगासह शस्त्रक्रिया मोफत होते. हा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका बरोबर न्यावी व तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. विमा असेल तर पॉलिसी आधी वाचावी. अनेक पॉलिसींत मोतीबिंदूसाठी रकमेची मर्यादा असते आणि मल्टिफोकल भिंगाचा जादा खर्च बऱ्याचदा खिशातून जातो.

ऑपरेशननंतर भिंगाच्या डबीवरील चिकटपट्टी केसपेपरवर किंवा कार्डावर लावून घ्यावी. त्यावर कंपनी, प्रकार, शक्ती आणि अनुक्रमांक छापलेला असतो. तक्त्यात निवडलेले भिंग आणि चिकटपट्टीवरचे भिंग एकच आहे का, हे घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने पाहावे. चष्म्याचा नंबर साधारण महिना-दीड महिन्याने स्थिर होतो, तोवर नवा चष्मा करण्याची घाई करू नये. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना हे कार्ड बरोबर न्यावे. पहिल्या डोळ्यात किती शक्तीचे भिंग बसवले आणि प्रत्यक्षात किती नंबर राहिला, हे पाहून डॉक्टरांना दुसऱ्या डोळ्याचा हिशेब अधिक नेमका करता येतो.