निवळ पाण्यातला डास

डास आणि घाण यांचे नाते मराठवाड्याच्या मनात इतके पक्के बसले आहे की, ज्या घरामागे सांडपाणी साचत नाही त्या घराला डासांच्या रोगांची भीती उरली नाही असे सहज धरले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे आणि तिचा खोटा अर्धा भाग धडधाकट मुलाला चार दिवसांत दवाखान्यात नेऊ शकतो. मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावात, जिथे नळाचे पाणी दररोज येत नाही आणि आलेले पाणी घरोघरी भरून ठेवावेच लागते, तिथे हा खोटा अर्धा भाग नीट समजून घेणे अधिक निकडीचे आहे.

माणसाला रोग देणारे डास मुख्यतः तीन कुळांतले असून त्यांच्या सवयी एकमेकांशी जुळत नाहीत. क्युलेक्स कुळातला डास गटार, सेप्टिक टाकी, तुंबलेली मोरी अशा घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो आणि हत्तीरोगाचे, म्हणजे ज्याला लोक हत्तीपाय म्हणतात त्या रोगाचे, सूक्ष्म जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाचे जुने जिल्हे आहेत, आणि हे जंतू रक्तात रात्रीच वर येत असल्याने आरोग्य कर्मचारी रक्ताचे नमुने घ्यायला लोकांच्या निजेच्या वेळी दारात येतात. ॲनॉफेलिस कुळातला डास तुलनेने स्वच्छ, संथ पाण्यात वाढतो, तोही रात्रीचाच, आणि मलेरिया पसरवतो. मुदखेडवरून निजामाबादमार्गे जो लोहमार्ग सिकंदराबादला जातो, त्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना याच कुळातल्या डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी जंतू दिसला. तो दिवस आज जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. तिसरा एडिस इजिप्ती. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यानंतरच्या आणि संध्याकाळी मावळण्यापूर्वीच्या तासांत अधिक चावतो, आणि त्याची मादी अंडी घालायला घरातले निवळ, स्थिर पाणी शोधते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे दोन्ही रोग मुख्यतः याच्यामार्फत येतात.

पहिल्या डासाशी नांदेड जिल्ह्याने दिलेली झुंज अभिमानाने सांगावी अशी आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे खणले, म्हणजे साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी बसवून तिच्याभोवती दगडगोटे भरले आणि मोरीचे पाणी उघड्या नालीत न सोडता जमिनीत मुरू दिले. नाल्या कोरड्या पडल्या, डास हटले, आणि हाच प्रकार पुढे नांदेड पॅटर्न या नावाने जिल्ह्यात व जिल्ह्याबाहेर पोचला. बाहेरून कोणी येऊन फवारणी करील याची वाट न पाहता एका गावाने पाण्याची वाट बदलून डासाची पैदास थांबवली, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी थोडीच आहे. तथापि शोषखड्डा सांडपाणी गिळतो. पिण्याच्या पाण्याच्या रांजणात वाढणाऱ्या डासाला तो काही करू शकत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मुदखेड येथील घराने हा फरक ओळखला नाही, आणि पुढील विवेचनाचा आधार तीच चूक आहे. घरामागे शोषखड्डा झाला, सेप्टिक टाकीच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधली गेली, रात्रीचा गुणगुणाट जवळजवळ थांबला, आणि त्यामुळे घरातील सर्वांनी डासांचा विषय संपला असे मानले. भाद्रपदात घरातील नऊ वर्षांच्या पुतण्याला अचानक जोराचा ताप चढला, डोळ्यांच्या मागे ठणकू लागले, पाठ आणि सांधे धरले. तिसऱ्या दिवशी गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई चौकशीला आल्या तेव्हा त्यांनी मागच्या अंगणात पाऊलही न टाकता थेट पाणी ठेवण्याच्या जागी जाऊन रांजणात बॅटरीचा झोत सोडला. वरून काचेसारख्या दिसणाऱ्या पाण्यात, झोत पडताच, तांदळाच्या दाण्याहून लहान असे कितीतरी वळवळे एकदम तळाकडे निघाले आणि क्षणभराने श्वासासाठी पुन्हा एकेक करून वर आले. त्याच रांजणातले पाणी घर रोज पीत होते, गाळून पीत होते, म्हणून ते कोणाला कधी दिसले नव्हते.

या रांजणात जे घडत होते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत तेच घडते. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती एकेक करून चिकटवते. ही अंडी काळी आणि खसखशीहूनही बारीक असतात, आणि पाणी आटले, भांडे वाळले, तरी कित्येक महिने जिवंत राहतात. मग नळ येतो, रांजण काठोकाठ भरला जातो, पाणी अंड्यांपर्यंत चढते आणि ती फुटतात. पाच-सहा दिवसांनी येणारे पाणी म्हणजे या डासाच्या दृष्टीने जणू ठरवून दिलेले वेळापत्रक आहे. अळीपासून कोष आणि कोषापासून उडणारा डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आणि घरातली रीत अशी की, तळाशी उरलेल्या पाण्यावरच नवे पाणी ओतायचे, रांजण पूर्ण रिकामा कधी करायचाच नाही, कारण पाणी फेकून देणे हे या मुलखात पाप समजले जाते. नुसते पाणी ओतून टाकण्याने तरी काम भागत नाही, कारण भिंतीला चिकटलेली अंडी तिथेच राहतात. काथ्याने किंवा ब्रशने आतली भिंत, विशेषतः पाण्याची रेघ उमटलेला पट्टा, खसाखसा घासावा लागतो. आरोग्य खाते जो आठवड्यातला कोरडा दिवस पाळायला सांगते त्याचे मर्म या घासण्यात आहे, आणि तेच सांगताना बहुधा गाळले जाते.

पाणी साठवणे हा दोष नव्हे, हे येथे आवर्जून म्हटले पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशाने असे दिवस पाहिले, त्याला टिपाडे, हौद आणि घागरी रिकाम्या ठेवा असा उपदेश करणे निष्ठुरपणाचे आहे. टंचाई आणि एडिस यांची जोडी जुनीच आहे. चिकुनगुन्याची साथ १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत आली, नंतर हा रोग देशातून जवळजवळ दिसेनासा झाला, आणि तीन दशकांनी, २००५-०६ मध्ये, तो आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र अशा मोठ्या पट्ट्यात इतक्या जोराने परतला की सांधे आखडलेली माणसे महिनोन् महिने भिंतीचा आधार घेऊन चालत होती. चिकुनगुन्या हा शब्दच पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला असून त्याचा अर्थ वाकून जाणे असा आहे. म्हणून पाणी साठवा, पण डासाला त्याच्यापर्यंत पोचू देऊ नका, एवढेच येथे सांगणे शक्य आणि न्याय्य आहे. टिपाडाच्या तोंडावर धोतराचे किंवा जुन्या सुती साडीचे दुहेरी फडके ताणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळले तर फट राहत नाही. नुसते ताट ठेवले तर कडेने बोटभर जागा राहते आणि मादीला तेवढी पुरते. जो सिमेंटचा हौद रिकामा करणे शक्यच नाही, त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडता येतात किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांकडून ठरलेल्या मात्रेत टेमिफॉस हे अळीनाशक टाकून घेता येते. कूलरच्या तळाचे पाणी, फ्रीजच्या मागची ताटली, मनीप्लांटची बाटली, गच्चीवरचा टायर आणि कोंबड्यांची पाण्याची परळ ही ठिकाणे लोक विसरतात. रस्त्यावरून जाणाऱ्या धूरफवारणीवर विसंबणे चुकीचे आहे, कारण तिने फार तर त्या घडीला उडणारे डास मरतात; खाटेखाली आणि टांगलेल्या कपड्यांमागे बसलेला एडिस बहुधा वाचतो आणि रांजणातल्या अळ्यांना तर धूर लागतही नाही.

आजारपणाच्या बाबतीत त्या घराकडून दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीहून गंभीर होती. अंगदुखी थांबावी म्हणून औषधाच्या एका दुकानातून, चिठ्ठीशिवाय, दुखण्याच्या गोळ्या आणल्या गेल्या. डेंग्यूमध्ये रक्तातील बिंबाणू, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी, कमी होतात. अशा वेळी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि म्हणून तापाचे निदान होईपर्यंत वजनाप्रमाणे दिलेले पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ, ओआरएस, भाताची पेज, एवढ्यावरच राहावे लागते. पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा घराने सुटकेचा निःश्वास टाकला. वस्तुतः डेंग्यूची अवघड घडी ताप उतरताना सुरू होते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, कारण याच काळात बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब खचू शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, लघवी कमी होणे, मुलाचे एकदम गळून जाणे किंवा उगाच चिडचिडणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी रात्र उलटण्याची वाट पाहू नये. पुतण्याचे पाय गार लागले आणि पोट दुखू लागले ते त्याच्या आजीच्या हाताला प्रथम जाणवले, आणि तिने हट्ट धरला म्हणून तो त्याच संध्याकाळी नांदेडला पोचला. सलाइन वेळेवर लागले आणि तो बचावला. तपासणीबाबत लोकांचा गोंधळ होतो म्हणून हेही नोंदवणे जरूर आहे की, पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस-१ तपासणी उपयोगी पडते आणि त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधणारी तपासणी. म्हणून उशिरा केलेली एनएस-१ निर्दोष आली तरी डेंग्यू नाही असे ठरत नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, एकदा होऊन गेलेला प्रकार पुन्हा सहसा होत नाही, पण दुसऱ्या प्रकाराची लागण अनेकदा अधिक जड जाते, त्यामुळे एकदा होऊन गेला म्हणून निर्धास्त राहण्याला आधार नाही.

चावा टाळण्याच्या उपायांत सर्वांत अधिक दिशाभूल धुराने होते. खिडक्या लावून, डासांची कॉइल लहान मुलाच्या खाटेखाली रात्रभर जळत ठेवणे हे त्या घरात कित्येक वर्षे चालत आले होते, आणि त्याच्या दोन बाजू वाईट होत्या: दिवसा चावणाऱ्या डासाशी रात्रीच्या कॉइलचा काही संबंध नव्हता, आणि बंद खोलीतील तिचा बारीक धूर दमेकरी मुलाच्या छातीत जात होता. एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरतात. कडुलिंबाच्या पाल्याचा किंवा गोवरीचा धूर गोठ्यात उघड्यावर ठीक, झोपायच्या खोलीत तो धूरच आहे. विजेवर चालणाऱ्या द्रव औषधाच्या यंत्रात धूर नाही, तरी खिडकी थोडी उघडी हवी. आणि त्याची बाटली मुलांच्या हाताबाहेर ठेवली पाहिजे, कारण तिच्यातील रॉकेलसारखा द्रव पोटात जाताना फुप्फुसात उतरला तर जीवघेणी सूज येते. कापराच्या वड्यांनाही हीच काळजी लागते. डास पळवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या उदबत्त्यांच्या पाकिटावर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांक नसेल तर त्या घरात आणू नयेत, कारण आत काय जळते हे कळायला मार्ग नसतो.

त्या मानाने मच्छरदाणी, जाळीची खिडकी, पंख्याचा वारा आणि अंगभर सुती, फिके कपडे हे साधे उपाय अधिक सुरक्षित ठरतात. डास दुबळा उडणारा प्राणी आहे. खाटेच्या दिशेने लावलेला पंखा त्याला टेकू देत नाही. मच्छरदाणी रात्रीसाठीच असते हा समज मात्र सोडला पाहिजे: दुपारी झोपणारे तान्हे बाळ आणि तापाने पडलेला रोगी या दोघांना ती दिवसाच लागते, कारण तापाच्या पहिल्या काही दिवसांत रोग्याला चावलेला एडिस आठ-बारा दिवसांनी घरातल्या इतरांना रोग देण्याइतका तयार होतो. अंगाला लावायच्या मलमांत डीट, पिकारिडिन यांसारखी द्रव्ये परिणामकारक आहेत. ती उघड्या कातडीवरच लावावीत, जखमेवर व कपड्याखाली लावू नयेत, मोठ्याने आपल्या हातावर घेऊन मग मुलाच्या चेहऱ्याला पुसावीत, लहान मुलांच्या तळहाताला लावू नयेत आणि घरात आल्यावर साबणाने धुवावीत. दोन महिन्यांखालील बाळाला डीट लावत नाहीत; त्याच्यासाठी जाळी हाच उपाय.

मुदखेडच्या बाबतीत यात एक भर घालावी लागते. हा तालुका फुलशेतीचा आहे, आणि काकडा, मोगरा, गुलाब यांची तोडणी उजाडताना चालते, म्हणजे एडिसच्या चावण्याच्या वेळेला लागूनच. बाया वाकून कळ्या खुडत असतात तेव्हा दोन्ही हात गुंतलेले, पोटऱ्या आणि मनगटे उघडी. डास हाकलायला हात मोकळा नसतो. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, पायांत मोजे आणि मनगटाला मलम यांचा खर्च थोडा आहे आणि तो मळेवाल्याने करणे योग्य आहे, त्याचप्रमाणे फवारणीसाठी भरून ठेवलेली बांधावरची टिपाडे झाकणेही त्याचेच काम आहे.

त्या घरात आता नळ येण्याच्या आदल्या संध्याकाळी रांजण आडवा केला जातो. उरलेले पाणी फडक्यातून गाळून बादलीत घेतले जाते, म्हणजे ते भांडी विसळायला आणि गुलाबाच्या कुंड्यांना कामी येते, आणि फडक्यात राहिलेले वळवळे कोरड्या मातीवर झटकले जातात, जिथे ते थोड्याच वेळात वाळून जातात. मग पुतण्या आत हात घालून पाण्याची रेघ काथ्याने घासतो, कारण त्या अरुंद तोंडातून खांद्यापर्यंत जाणारा हात घरात त्याचाच आहे.