जुन्या फोटोंवरून आजीचे लहानपण

इतिहास फक्त राजांचा नसतो. आपल्या घरच्या माणसांचाही असतो. तो जुन्या फोटोंवरून शोधता येतो. मी माझ्या आजीचा शोधला. आजीचे माहेर आमच्याच गावात आहे. ती आपल्याच शाळेत शिकली.

पहिला फोटो आजीच्या ट्रंकेत मिळाला. तो काळा-पांढरा आहे. मधल्या मुलाच्या हातात पाटी आहे. पाटीवर 'इ. 3 री, सन 1971-72' असे लिहिले आहे. मी सगळे मोजले. मुलगे 21 व मुली 6. आजी पुढे मांडी घालून बसली आहे. तिच्या दोन वेण्या आहेत.

दुसरा फोटो शेजारच्या आजोबांनी दिला. ते आजीच्या वर्गात होते. त्यातल्या पाटीवर 'इ. 4 थी, सन 1972-73' आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून मी एकेक चेहरा जुळवला. मुली दोनच उरल्या. आजी नाही.

मग गुरुजींनी शाळेचे जुने रजिस्टर काढले. आजीच्या नावापुढे शाळा सोडल्याचे कारण 'सतत गैरहजर' असे आहे. मी घरी येऊन विचारले, "आजी, तू शाळा का सोडलीस गं?"

आजी म्हणाली, "अगं पोरी, बहात्तरचा दुष्काळ पडला. आई खडी फोडायला जायची. बारक्याला कोण बघणार? मी झाडाला झोळी बांधून त्याला सांभाळायची. सुकडी मिळायची, ती भरवायची."

1972 साली पाऊस झाला नाही. पिके गेली. तेव्हा सरकारने रस्ते, पाझर तलाव अशी दुष्काळी कामे काढली. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसे अशा कामांवर होती. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला.

तिसरा फोटो जत्रेतला आहे. मागच्या पडद्यावर तळे व कमळे रंगवली आहेत. बारका आजीचे बोट धरून हसतो आहे. फोटोवर साल नाही. पण बारक्याचे पुढचे दोन दात पडले आहेत. असे दात सहा-सात वर्षांचे असताना पडतात. 1972 मध्ये तो रांगत होता. म्हणजे हा फोटो 1978 च्या सुमाराचा. हाच बारका म्हणजे आमचे मामा-आजोबा. ते एस. एस. सी. झाले. आजी तिसरीच शिकली.

यावरून मला समजले ते असे. फोटोत कोण आहे ते पाहावे, आणि कोण नाही तेही पाहावे. रजिस्टरात 'गैरहजर' लिहिले ते खरेच आहे. पण का, ते आजीनेच सांगितले. म्हणून फोटो, लिहिलेले कागद आणि मोठ्या माणसांचे बोलणे ही तिन्ही साधने लागतात.

शेजारच्या आजोबांना विचारून मी दुसऱ्या फोटोच्या मागे, त्यात नसलेल्या चारही मुलींची नावे शिसपेन्सिलने लिहिली. नावे आजीने सांगितली.

पालकांनो, तुमच्या घरच्या फोटोंमागेही नावे व साल लिहून ठेवा. आणि मित्रांनो, आपल्या वर्गात कोणी बरेच दिवस आले नाही, तर त्याच्या घरी जाऊन विचारा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी