वारंवार पडणारी दुःस्वप्ने : स्वरूप, कारणे आणि उपाय

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या दक्षिण भागात गंधवानी हा विकासखंड आहे. येथील वस्ती मुख्यतः भिल्ल व भिलाला समाजाची असून शेती आणि मजुरी ही तिच्या उपजीविकेची साधने होत. पवारांच्या राजवटीमुळे धार व देवास या दोन्ही ठिकाणी मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. या भागात काय किंवा महाराष्ट्रातील खेड्यांत काय, घरातील माणूस रात्री किंचाळत उठू लागला आणि तेच स्वप्न पुनःपुन्हा पडते असे सांगू लागला, म्हणजे त्याला प्रथम बडव्याकडे, भगताकडे किंवा देवऋषीकडे नेण्यात येते. बाहेरची बाधा झाली, कोणाची नजर लागली, असे निदान होते. कोंबडे व नारळ यांत पैसा जातो. कधी चटके देण्यासारखे अघोरी उपाय होतात. आणि रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तो अनेक महिन्यांनी, कामधंदा सुटल्यावर. वस्तुतः वारंवार पडणारी दुःस्वप्ने हा ओळखता येणारा आणि पुष्कळ अंशी बरा होणारा विकार आहे. त्याचे स्वरूप ग्रामस्थ, शिक्षक व गावपातळीवरील कर्मचारी यांना ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दुःस्वप्न म्हणजे काय?

रात्रभराची झोप एकसारखी नसते. सुमारे ९० मिनिटांची आवर्तने एकामागून एक येत असतात. प्रत्येक आवर्तनात प्रथम गाढ झोप आणि त्यानंतर बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात अशी झोप येते. या दुसऱ्या प्रकारच्या झोपेचा शोध १९५३ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात लागला. ठळक व गोष्टीसारखी स्वप्ने मुख्यतः याच अवस्थेत पडतात. त्या वेळी हातापायांचे स्नायू शिथिल झालेले असतात. म्हणूनच स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून उठून धावत नाही. पहाटेकडे या झोपेचा काळ लांबत जातो, आणि त्यामुळे दुःस्वप्ने बहुधा रात्रीच्या शेवटच्या प्रहरात पडतात.

जिवावरचा धोका, पाठलाग, पडणे, बुडणे, आप्तांचा मृत्यू अशी दृश्ये दिसून जाग येणे, जाग येताच पूर्ण भानावर येणे आणि स्वप्न स्पष्ट आठवणे ही दुःस्वप्नाची तीन लक्षणे होत. अधूनमधून असे स्वप्न कोणासही पडते. तो रोग नव्हे. तथापि प्रौढांपैकी शेकडा सुमारे ४ जणांना आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा दुःस्वप्ने पडतात. झोपेची धास्ती वाटू लागणे, दिवसा थकवा येणे, कामावरून मन उडणे अशी स्थिती झाली म्हणजे उपचाराची गरज आहे असे समजावे.

इतर विकारांपासून वेगळेपण

पुढील तीन अवस्था दुःस्वप्नाहून भिन्न आहेत आणि त्यांचे उपायही भिन्न आहेत.

१. रात्रीची दचक : ही प्रामुख्याने लहान मुलांत आढळते. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत मूल एकाएकी किंचाळते, घामाघूम होते, डोळे उघडे असूनही कोणास ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. अशा मुलास हलवून जागे करू नये. त्याला इजा होणार नाही एवढे पाहावे. वय वाढते तशी ही तक्रार बहुधा आपोआप नाहीशी होते.

२. जाग येऊनही हलता न येणे : मन जागे झालेले असते, परंतु स्नायूंची शिथिलता काही क्षण टिकून राहते. छातीवर कोणी बसले आहे असा भास होतो. भूत छातीवर बसते, ही समजूत बऱ्याच अंशी या अनुभवातून आलेली आहे. ही अवस्था भीतिदायक असली तरी क्षणिक व निरुपद्रवी असते.

३. स्वप्नातील कृती प्रत्यक्षात करणे : स्नायूंची नेहमीची शिथिलता न राहिल्याने मनुष्य झोपेतच लाथा मारतो, गुद्दे मारतो. पन्नाशीच्या पुढील पुरुषांत हे विशेषकरून दिसते. काही रुग्णांत पुढे अनेक वर्षांनी कंपवात उद्भवतो, म्हणून अशा व्यक्तीस तज्ज्ञ डॉक्टरांस दाखविणे आवश्यक आहे.

दुःस्वप्ने का पडतात?

सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे मनावर झालेला मोठा आघात होय. मराठवाड्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो लोक मृत्युमुखी पडले. भूकंपानंतर सुमारे महिन्याने वाचलेल्या लोकांपैकी काहींची मानसिक तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत मानसिक विकार आढळला. आघातोत्तर ताण आणि नैराश्य हे त्यांतील प्रमुख विकार होते. घडलेला प्रसंग स्वप्नात पुनःपुन्हा दिसणे हे आघातोत्तर ताणाचे एक मुख्य लक्षण आहे.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथे विषारी वायूची गळती झाली, तेव्हाही शहर झोपेत होते. या दोन्ही संकटांचे एक साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. संकट झोपेतच आल्यामुळे झोप हीच धोक्याची वेळ, अशी खूणगाठ वाचलेल्यांच्या मनात बसू शकते. अशा माणसाने छताखाली निजण्यास नकार दिला किंवा तो रात्रभर बसून राहिला, तर त्याला भित्रा अथवा वेडा समजणे अन्यायाचे आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८५ साली तेथील दवाखान्यांतील सामान्य डॉक्टरांना मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देण्यात आले. आपत्तीनंतर अन्न, वस्त्र व निवारा यांच्याइतकीच मनाच्या शुश्रूषेचीही गरज असते, हे त्यातून मान्य झाले.

आघात केवळ सामूहिक संकटातूनच होतो असे नाही. रस्त्यावरील अपघात, मारहाण, अत्याचार, घरातील आत्महत्या किंवा कामावरील सोबत्याचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू ही कारणेही तितकीच प्रबळ असतात. याशिवाय ताप, नैराश्य, अपुरी झोप आणि घोरताना श्वास अडकण्याचा विकार यांमुळेही दुःस्वप्ने पडतात.

काही औषधेही कारणीभूत होतात. रक्तदाब व अर्धशिशीसाठी दिले जाणारे प्रोप्रानोलोल, कंपवातावरील लेवोडोपा, हिवतापावरील मेफ्लोक्विन आणि एचआयव्हीवरील एफाविरेन्झ ही त्यांची उदाहरणे होत. म्हणून नवे औषध सुरू झाल्यावर दुःस्वप्ने वाढली असल्यास डॉक्टरांस सांगावे. परंतु औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. दारूविषयीचा समज तर अगदीच चुकीचा आहे. दारूने झोप लवकर लागते हे खरे. पण पूर्वरात्री दबलेली स्वप्नावस्था उत्तररात्री अधिक जोराने उसळते. नेहमी पिणाऱ्याने दारू एकदम सोडल्यास काही दिवस भयंकर स्वप्ने पडतात. झटके व भ्रम यांचाही धोका असतो. यास्तव व्यसनमुक्ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी.

स्वप्न बदलण्याचा सराव

वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर औषधाविना होणारी एक उपचारपद्धती तज्ज्ञांनी प्रथम पसंतीची मानली आहे. जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलणे आणि त्या नव्या स्वप्नाची रोज मनात उजळणी करणे, असे तिचे सूत्र आहे. अमेरिकेत लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या १६८ स्त्रियांवर तिचा प्रयोग झाला आणि २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ तीन बैठकींच्या शिक्षणाने त्यांची दुःस्वप्ने कमी झाली व झोप सुधारली, असे आढळून आले.

ही पद्धती अशी आहे. एखाद्या शेतकऱ्यास नाल्याच्या पुरात आपले मूल वाहून जात असल्याचे स्वप्न नेहमी पडते, अशी कल्पना करावी. त्याने दिवसा, निवांत वेळी ते स्वप्न थोडक्यात लिहावे किंवा विश्वासू माणसास सांगावे. नंतर त्यात स्वतःस रुचेल तो बदल करावा. उदाहरणार्थ, पाणी गुडघ्याइतकेच आहे, गावकरी दोर घेऊन उभे आहेत आणि मूल हसत काठावर येते. हा बदल वास्तवास धरून असलाच पाहिजे असे नाही. मग रोज १० ते २० मिनिटे डोळे मिटून केवळ नव्या स्वप्नाची चित्रे मनात आणावीत. जुने स्वप्न घोळवू नये. काही आठवड्यांत बहुतेकांना फरक जाणवतो. सुरुवात फारशा तीव्र नसलेल्या स्वप्नापासून करावी. आघात मोठा असल्यास हा सराव प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली करणे श्रेयस्कर होय.

औषधे : उपयोग व मर्यादा

दुःस्वप्नांसाठी सर्वाधिक अभ्यासलेले औषध म्हणजे प्राझोसिन होय. हे मूळचे रक्तदाबाचे औषध आहे. महाराष्ट्रास त्याची ओळख वेगळ्याच कारणाने आहे. रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग करून अनेकांचे प्राण वाचविले. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. लाल विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण पडतो. प्राझोसिन त्या द्रव्यांचा परिणाम रोखते. आघात झालेल्या माणसाच्या मेंदूतही रात्री त्याच जातीच्या द्रव्यांचे प्रमाण वाढलेले असते, आणि म्हणूनच हे औषध दुःस्वप्नांवर वापरून पाहण्यात आले.

आरंभीच्या लहान प्रयोगांत गुण चांगला आला. तथापि अमेरिकेतील ३०४ माजी सैनिकांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. म्हणून आज ते काही निवडक रुग्णांस देण्याजोगे औषध मानले जाते, रामबाण नव्हे. त्याच्या पहिल्या मात्रेने रक्तदाब एकदम उतरून चक्कर येण्याचा संभव असतो. म्हणून डॉक्टर अगदी अल्प मात्रेने, रात्री निजतेवेळी ते सुरू करतात. रक्तदाबाची किंवा लघवीच्या त्रासाची औषधे चालू असल्यास तसे आधी सांगितले पाहिजे.

नैराश्य किंवा आघातोत्तर ताण असेल, तर त्या मूळ विकारावरील औषधे व समुपदेशन यांनी दुःस्वप्नेही कमी होऊ शकतात. याउलट, दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या झोपेच्या गोळ्या हा उपाय नव्हे. क्लोनाझेपाम हे औषध दुःस्वप्नांसाठी उपयुक्त असल्याचे सिद्ध झालेले नाही. उलट अशा गोळ्यांची सवय जडते, आणि दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतू शकते.

घरी व शाळेत घ्यावयाची काळजी

दुःस्वप्नाने जाग आल्यास उठून बसावे, दिवा लावावा, पाय जमिनीस टेकवावेत व पाणी प्यावे. आपण कोठे आहोत, आज कोणता वार आहे, हे मोठ्याने म्हणावे. सावकाश श्वास सोडीत राहावे. घरच्यांनी प्रश्नांचा भडिमार न करता जवळ बसावे. रोज ठरावीक वेळी निजणे व उठणे, सायंकाळनंतर चहा व तंबाखू टाळणे आणि रात्रीचे जेवण हलके ठेवणे या साध्या सवयींचाही लाभ होतो.

वर्गात पेंगणारे मूल आळशीच असेल असे शिक्षकांनी गृहीत धरू नये. त्याची झोप कशी आहे याची प्रेमाने चौकशी करावी. लहान मुलांना स्वप्नाचे चित्र काढावयास सांगून त्यातच भीती दूर करणारा नवा शेवट काढून घेता येतो. मुलाच्या सांगण्यातून घरातील मारहाण किंवा अत्याचार सूचित होत असेल, तर ते गांभीर्याने घेऊन बालसाहाय्याच्या १०९८ या क्रमांकावर कळवावे.

मदत कोठे मिळेल?

गावातील आशा कार्यकर्ती व जवळचे आरोग्य केंद्र ही पहिली पायरी होय. तेथून गरजेनुसार जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे रुग्णास पाठविण्यात येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये असे उपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. वारंवारच्या दुःस्वप्नांबरोबर जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आल्यास एक दिवसही वाट पाहू नये. अशा रुग्णांत आत्महत्येचा धोका अधिक असतो, ही गोष्ट अभ्यासांती दिसून आली आहे.

बडवा किंवा भगत यांच्यावर गावाचा विश्वास असतो. त्यांच्याशी वैर धरण्याऐवजी त्यांनाच ही माहिती समजावून द्यावी आणि रुग्णास आरोग्य केंद्राकडे पाठविण्याची विनंती करावी, हे कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरेल. दर्शन, पूजा किंवा नवस यांनी कोणास धीर येत असेल तर त्यास हरकत नाही. मात्र त्यापायी शरीरास इजा होता कामा नये आणि उपचारास विलंब होता कामा नये. रात्री भिऊन उठणाऱ्या माणसाचे म्हणणे दिवसा कोणी शांतपणे ऐकून घेतले, तर त्याच्या बरे होण्यास तेथूनच आरंभ होतो.