ब्राँझची चिल्लर आणि खारी हवा

चिंचणी, तारापूर, सातपाटीकडच्या जुन्या घरांत देव्हाऱ्याच्या खणात, नाहीतर फळीवरच्या डब्यात भोकाचा पैसा अजून सापडतो. चांदीचा रुपया कधीच सोनाराकडे गेलेला असतो. पै-पैशाला कोण विचारतो? नवख्याने याच चिल्लरीपासून सुरुवात करावी. अट एकच, ती या हवेत टिकवता आली पाहिजे.

काय करावे

• हद्द ठरवून घ्यावी. १९०६ साली सरकारने सुट्या पैशांसाठी तांब्याऐवजी ब्राँझ घेतले. तिथून पाव आणा, अर्धा पैसा, पै. मग महायुद्धात धातू वाचवायला काढलेला भोकाचा पैसा (१९४३-४७), १९५० पासूनचा घोड्याचा पैसा आणि १९५७ ते १९६२ चा ब्राँझचा नवा पैसा. नवख्याला एवढे पुष्कळ झाले.

• छोटा वजनकाटा घ्यावा. १९०६ चा पाव आणा दोन्ही धातूंत आहे. तांब्याचा सुमारे साडेसहा ग्रॅम भरतो, ब्राँझचा पाच ग्रॅमही भरत नाही. नुसत्या डोळ्यांनी फसायला होते.

• कळंक ओळखायला शिकावे. घट्ट बसलेला गडद हिरवा थर सहसा निरुपद्रवी असतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी मात्र वाईट. खाऱ्या हवेतले क्लोराइड धातूत शिरले की ओल मिळेल तसे नाणे आतून खात जाते. असे नाणे लगेच वेगळे, कोरडे ठेवावे.

• डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात. बोईसरला औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी डबा घट्ट झाकणाचाच घ्यावा. गंधकाचे वायू ब्राँझ काळे पाडतात.

• नाणे कुठून, कोणाकडून मिळाले याची चिठ्ठी सोबत ठेवावी.

• गठ्ठ्यात जपानी सेन निघाला तर साल राजवटीवरून काढावे. मेइजीत १८६७ मिळवा, ताइशोत १९११, शोवात १९२५. मेइजी १० म्हणजे १८७७.

• मुंबईत फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय पाहावे. जव्हार-मोखाड्यावरून त्र्यंबकला जाणे झाले तर पुढे अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेतही डोकवावे.

काय टाळावे

• चिंच, लिंबू, पितांबरी. नाणे लखलखीत झाले की गेले! तपकिरी रंग चढायला पन्नास-साठ वर्षे लागतात, उतरायला दोन मिनिटे. धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश आणि पूर्ण वाळवणे, बस्स.

• मऊ पीव्हीसीची पाकिटे. त्यातून आम्ल सुटते आणि नाणे हिरवे, चिकट होते.

• नाण्याच्या तोंडावर बोट. कडेने धरावे.

• कडी डाखलेली नाणी खरेदीत. घरची असली तर जरूर ठेवावीत.

• केळवे, शिरगाव, तारापूरच्या किल्ल्यांत खणणे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.

• शंभर वर्षांवरचे नाणे परदेशातल्या मुलाबाळांकडे पाठवणे. १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येतो.

• ‘जुन्या पैशाचे लाखो मिळवा’ या जाहिराती. त्यात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून आधी शुल्क मागतात. आपण असले व्यवहार करत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. असा फोन आला आणि पैसे गेले, तर लाजू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.