जुन्या लहान ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेतील तेलगळती

नाशिक, सांगली व सोलापूर या भागांतील द्राक्षबागांत १५ ते २० अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर आता सर्रास दिसतात. दोन ओळींमधील अरुंद वाटेत मोठे यंत्र वळत नाही. त्यामुळे रोटाव्हेटर, फवारणी पंप व मागील अवजारे यांचा सारा भार या लहान यंत्रावरच पडतो. ऑक्टोबर छाटणीनंतर केवड्याचा धोका असताना फवारणी दोन दिवस लांबली तर होणारे नुकसान बागायतदारास ठाऊकच आहे. असे असूनही उचल यंत्रणेतून तेल टपकू लागले की, "जुने यंत्र आहे, थोडे गळायचेच" असे म्हणून वरून तेल ओतीत राहण्याची रीत पडली आहे. ही रीत महागाची होय. दर सेकंदास एक थेंब गळत असेल तर आठ तासांत २८,८०० थेंब होतात. २० ते २५ थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाकाठी एक लिटरहून अधिक तेल जमिनीत मुरते. शिवाय जेथून तेल बाहेर येते तेथूनच धूळ व पाणी आत शिरण्यास वाट मिळते, आणि त्यापासून होणारी हानी तेलाच्या किमतीहून कितीतरी जास्त असते.

यंत्रणेचे तत्त्व साधे आहे. पंप तेलाला दाब देतो, ते तेल सिलिंडरमधील दट्ट्यास ढकलते व दट्ट्या उचल-भुजा वर नेतो. समजा, दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो आहे व दट्ट्याचा व्यास साडेसात सेंटिमीटर आहे. तर दट्ट्यावर सुमारे ६,६०० किलोचा रेटा येतो. एवढा दाब ज्या नळीत कोंडलेला आहे तिच्याशी खेळ करू नये, हे दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीच मनावर बिंबले पाहिजे.

या बाबतीत एक धोका विशेष सांगावयास हवा, कारण तो फारसा कोणास माहीत नसतो. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले असता त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांस दिसतही नाही, परंतु ती कातडी भेदून बोटाच्या आत शिरते. प्रारंभी काटा टोचल्यासारखे वाटते, दुखतही नाही. पुढे काही तासांत हात सुजतो आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून गळती हाताने चाचपून कधीही शोधू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून नळीजवळ धरावा. धार असेल तर पुठ्ठ्यावर डाग उमटतो. डोळ्यांना चष्मा असावा. तेल कातडीत शिरल्याची नुसती शंका आली तरी हळद किंवा चुना लावीत न बसता, जेथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात त्याच क्षणी जावे आणि दाबाखालील तेल आत गेले आहे असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

काम सुरू करण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून उचलीचा दांडा दोन-चार वेळा वरखाली करावा, म्हणजे नळ्यांतील उरलेला दाब निघून जातो. उचललेल्या अवजाराखाली शिरून काम करणे म्हणजे जिवाशी गाठ आहे. अवजार वर ठेवणे भागच असेल तर खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

गळतीचे मूळ शोधणे

तेल जेथे टपकते तेथूनच ते गळत असते असे नाही. वरच्या जोडातून पाझरलेले तेल यंत्राच्या अंगावरून ओघळत खाली येते, आणि उतावळा मनुष्य चांगले सील उपसून बसतो. यासाठी प्रथम सर्व भाग रॉकेल किंवा डिझेलने धुऊन कोरडे पुसावेत व संशयित जागांवर खडूची पूड भुरभुरावी. मग इंजिन चालू करून, कोणासही जवळ उभे राहू न देता, काही वेळ अवजार उचलून खाली घ्यावे. इंजिन बंद करून पाहिल्यास जेथे पूड प्रथम ओली झाली तेथे मूळ सापडते.

याच वेळी हवा सुटण्याची जाळीदार टोपी, म्हणजे ब्रीदर, अवश्य पाहावी. ती चिखलाने बुजली असेल तर आतील हवा तापून फुगते व निरोगी सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. मापकाडीच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरल्यासही असाच प्रकार घडतो. टोपी धुतल्याने व तेल मापात आणल्याने गळती थांबली, तर खर्च काहीच येत नाही.

दुरुस्ती

नळीच्या जोडातून गळत असेल तर दोन पाने वापरावेत. एकाने जोड धरावा, दुसऱ्याने नट फिरवावा, नाहीतर नळी पिळवटते. नट जास्त आवळून गळती थांबत नाही, उलट जोडाचे तोंड चिरते. तांब्याचे वायसर बदलणे उत्तम. नवे मिळेपर्यंत जुने वायसर लाल होईतो तापवून पाण्यात बुडवावे, म्हणजे ते मऊ होऊन पुन्हा नीट बसते. ओ-रिंगच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून घालण्याचा प्रघात मात्र सोडावा. ट्यूबचे रबर खनिज तेलात फुगते व चार दिवसांत त्याचा चोथा होतो. ओ-रिंग तेलास टिकणाऱ्या नायट्राइल रबराची व मूळ मापाचीच हवी. जोडावर पांढरी टेप गुंडाळण्याने काम भागल्यासारखे वाटते, पण तिचे तुकडे आत जाऊन झडपांत अडकतात.

रबरी नळीच्या आत पोलादी तारेची वीण असते. वरचे रबर फुगले किंवा तार उघडी पडली की नळी संपली असे समजावे. तीवर पट्टी बांधणे अत्यंत धोक्याचे आहे. दुकानात जाताना जुनी नळी बरोबर न्यावी व तेवढ्याच लांबीची, त्याच आट्यांची व तितकाच दाब सोसणारी नळी घ्यावी.

उचल-भुजांच्या आसाचे ऑइल सील जुन्या यंत्रात हमखास झिजते. नवे सील बसविताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, ओठास तेल लावावे, आसावरील दात्यांवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळावे व लाकडी ठोकळ्याने चोहोबाजूंनी सारखे ठोकावे. आसावर जुन्या ओठाने चर पाडलेला असल्यास, जागा मिळत असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर अलीकडे बसवावे, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर टेकतो. खोल चर असल्यास मात्र आस लेथवर नेण्यावाचून गत्यंतर नाही.

बाहेर थेंबही नसताना उचललेले अवजार आपोआप खाली बसत असेल तर गळती आतील आहे. अवजार उचलून इंजिन बंद करावे, जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. किंचित उतरणे स्वाभाविक. वीतभर उतरल्यास दट्ट्याची ओ-रिंग किंवा झडप झिजली असे धरावे. दट्ट्याची ओ-रिंग गावचा अनुभवी मिस्त्री बदलू शकतो. झडपेचे काम कार्यशाळेतच करावे. तेलावर फेस येऊन पंप किंचाळत असेल तर शोषण नळीच्या जोडातून हवा ओढली जात आहे. तेथे तेल बाहेर येत नसल्याने हा दोष पुष्कळदा नजरेतून सुटतो.

तेल भरताना ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे. ब्रेकचे तेल हाताशी आहे म्हणून ओतल्यास सारी सीले कुजतात. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. ते पूर्ण काढून, गाळणी धुऊन नवे भरावे. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा बांधावर न ओतता डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्यास द्यावे. दुरुस्तीनंतर सात-आठ तास काम झाल्यावर इंजिन बंद करून, अवजार टेकवून सर्व जोड एकदा पुसून पाहावेत व तेलाची पातळी पुन्हा मोजावी.